वैशूला, लीड्सहून

चि. वैशू,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी ड्युटीवर होते, धड बोलता आलं नाही. आर्वीच्या दाताच्या दवाखान्यात लागलीस, लय आनंद झाला. पण "काय आहे त्याच्यात ताई, सक्शनच त धरा लागते," हे म्हणालीस, म्हणजे तोंडातलं पाणी-थुंकी ओढणारी नळी धरायची, ते मनाला लागलं.

तिकडे दाताच्या दवाखान्यात असताना मीही असंच समजायची. चार वर्षं काढली, शिकवलं कोणी नाही. एकदा वापरलेल्या सुईवर टोपण लावताना ती बोटात शिरली. हिपॅटायटिस बीची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची, लस असते हेही तेव्हा ठाऊक नव्हतं. रिपोर्ट येईपर्यंत घशाखाली घास उतरला नाही. आईला आजवर सांगितलेलं नाही. तू आधी लस घे. पहिला डोस, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. आणि टोपण हातात धरून सुई कधीच झाकू नको. टोपण ट्रेमध्ये ठेवायचं, एकाच हाताने सुई त्यात सरकवायची.

इथे ब्रिटनमध्ये आम्हाला डेंटल नर्स म्हणतात. २००८ पासून जनरल डेंटल कौन्सिलची नोंदणी सक्तीची आहे. मी ट्रेनी म्हणून कमावता कमावता डिप्लोमा केला. नोंदणीनंतरही दर पाच वर्षांत ५० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. एक्स-रे काढायचं वेगळं शिकले, आता सेडेशनचं, म्हणजे पेशंटला गुंगी देतात त्याचं, शिकायचं मनात आहे. आपल्याकडे १९४८ च्या डेंटिस्ट अ‍ॅक्टमध्ये डेंटिस्ट, हायजिनिस्ट (दात साफ करणारे) आणि मेकॅनिक (कवळ्या बनवणारे) यांची नोंद आली, असिस्टंटची नाही. याचा मला फार राग येतो. पोरी येतात, राबतात, लग्न झालं की जातात, हातात एक कागद नसतो. तू बारावी सायन्स आहेस. हायजिनिस्टचा दोन वर्षांचा कोर्स असतो; नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात आणि वर्ध्याजवळ सावंगी मेघेच्या दंत महाविद्यालयात स्वतः जाऊन चौकशी कर. फोनवर भागवू नको.

तोवर हातातलं काम पक्कं कर. ओलं हत्यार पाउचमध्ये घालू नको. ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र, १३४ अंशांवर किमान ३ मिनिटं टिकला पाहिजे. पाउचवरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे सगळं झालं असं नाही, ती फक्त आच लागल्याचं सांगते. आणि मे महिन्यात दातांचं माप घ्यायची पावडर, अल्जिनेट, कालवायला नळाचं तापलेलं पाणी घेतलंस, तर ट्रे तोंडात जायच्या आधीच ते घट्ट होईल. माठातलं घे.

सगळ्यात जास्त बघशील ते खर्र्यावाले, तंबाखू-सुपारीचं मिश्रण चघळणारे. तोंडच उघडत नाही, गालाच्या आत बोट फिरवलं तर दोऱ्यासारखे ताठ पट्टे लागतात. डॉक्टर घाईत असतात, त्यांच्याआधी खुर्चीजवळ तू असतेस. पेशंटला स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालायला सांग. जात नसतील तर लगेच डॉक्टरांना सांग.

बाबा शेतातून आले की त्यांनाही घालायला लाव. रागावतील, तरी लाव. किती बोटं गेली ते मला रात्रीच कळव.

तुझी,
ताई