सावळ्या बाईनं केस काळेच ठेवायचे का?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत केसांना कोणता कलर करावा यावर अर्धं पान आलं होतं. आमच्या एका नेहमीच्या ताईनं ते कात्रण कापून आणलं अन् माझ्या पुढं ठेवलं, म्हणली मावशी हे बगा, गोऱ्या बाईनं काहीही लावावं अन् सावळ्या बाईनं काळ्याशिवाय दुसरा रंग लावूच नये असं लिहिलंय, मग माझा ब्राऊन कॅन्सल करा. बावीस वर्षं झाली मी परभणीत पार्लर चालवते, ते वाचून मला राहवलं नाही म्हणून लिहायली.

साहेब, गोरी, गव्हाळ, सावळी ही झाली वरची छटा, ती उन्हानं बदलते. आमच्याकडच्या बाया कापूस वेचायला, सोयाबीन काढायला जातात, चेहरा अन् हात रापतात पण दंडाच्या आतली बाजू बघितली तर तीच बाई दोन शेड उजळ असते. बदलत नाही तो आतला रंग, ज्याला अंडरटोन म्हणतात. कुणाची कातडी आतून पिवळसर असते, कुणाची गुलाबी-निळसर, कुणाची मधलीच. दोन बाया सारख्याच सावळ्या असतील तरी एकीला केसाचा कॉपर म्हणजे तांब्यासारखा कलर खुलून दिसेल अन् दुसरीला तोच कॉपर डोक्यावर वेगळा ठेवल्यासारखा दिसेल, याचं कारण हेच.

तुमच्या लेखात मनगटाच्या शिरा बघा लिहिलंय, हिरव्या दिसल्या तर वॉर्म म्हणजे आतून पिवळसर, निळ्या दिसल्या तर कूल म्हणजे गुलाबी-निळसर. ते गोऱ्या हातावर ठीक आहे, सावळ्या हातावर कित्येकदा शीरच नीट दिसत नाही. सोनं शोभतं का चांदी हे बघायला सांगितलंय, पण आमच्या बायांच्या गळ्यात कायम सोनं अन् चांदी पायातल्या जोडव्यात, तुलना करायची कशी? मी पार्लरमधे दोन ओढण्या ठेवल्यात, एक आंबा कलरची अन् एक राणी कलरची. बाईला दारात उजेडात उभी करते, ट्यूबलाईटखाली बिलकुल नाही, मेकअप पुसायला लावते, केस टॉवेलनं झाकते अन् आधी एक ओढणी हनुवटीखाली धरते मग दुसरी. एका ओढणीनं डोळ्याखालचं काळं कमी वाटतं, चेहरा ताजा दिसतो, अन् दुसरीनं तोच चेहरा मळकट होतो. आरशात तिचं तिलाच कळतं, मला सांगायचीही गरज पडत नाही. आंबा, शेंदरी, मेंदी कलर ज्यांना खुलतो त्यांना सोनेरी छटेचा ब्राऊन, चॉकलेट, कॅरॅमल, कॉपर. राणी, जांभळा, निळा ज्यांना खुलतो त्यांना बरगंडी, वाईन असे गडद लाल-जांभळट, नाहीतर ऍश ब्राऊन म्हणजे राखाडी छटेचा. दोन्हीत छान दिसणाऱ्याही बऱ्याच असतात, त्यांना मोकळीक आहे. आपल्या बायांना हे सगळं साड्या घेताना बरोबर कळतं, दुकानात पदर खांद्यावर टाकून बघतात की, मग केसाच्या बाबतीतच पाकिटावरच्या मॉडेलचं काहून ऐकायचं?

आता मनाला लागलेली गोष्ट सांगते. माझ्या बहिणीची लेक, लग्नाला पंधरा दिवस राहिलेले, मोठ्या शहरातल्या एका पार्लरमधे जाऊन ऍश कलर करून आली. पोरगी गव्हाळ, आतून चांगली पिवळसर. आपला काळा केस उजळायला घेतला की आधी आतला लाल, मग नारिंगी रंग वर येतो, तिथं थांबून वर ऍश लावला तर तो नीट बसत नाही. तिचं तसंच झालं, मुळाजवळ नारिंगी अन् टोकाला राखाडी, त्यात राखाडीच्या शेजारी चेहरा इतका पिवळा पडलेला की आजारातून उठल्यासारखी वाटायली. आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली ती. मी तिच्या केसाची एक बट घेऊन आधी ५.३ नंबरचा कलर लावून बघितला, म्हणजे फिका ब्राऊन सोनेरी छटेचा. ब्लीच झालेला केस रंग लवकर पितो अन् गडद दिसतो, म्हणून मुद्दाम एक नंबर फिका घेतला. बट वाळवून दारात नेऊन दाखवली, तिच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं, मग पूर्ण डोक्याला लावला.

हे नंबर एकदा समजून घेतले तर लई पैसे वाचतील बगा. पॉइंटच्या आधीचा आकडा गडदपणाचा, १ म्हणजे काळा, पुढं पुढं फिका होत जातो, आपला बहुतेकांचा केस १ ते ३ मधला. पॉइंटनंतरचा आकडा छटेचा, बऱ्याच कंपन्यांत .१ ऍश, .३ सोनेरी, .४ कॉपर, कंपनीप्रमाणं थोडा फरक असतो म्हणून शेड कार्ड बघून घ्या. अन् पाकिटाच्या बाजूला छोटे चौकोन असतात, तुमचा केस असा असेल तर रंग असा येईल, पुढच्या फोटोपेक्षा ते बघा. आपल्या केसापेक्षा दोन-तीन नंबरच फिकं जावं असं माझं मत, त्याच्यापुढं गेलं की भुवया काळ्याकुट्ट अन् केस पिवळे असं दिसतं. आणखी एक, आधी काळा डाय लावलेल्या केसावर ब्राऊन ट्यूब लावून ब्राऊन होत नाही, रंगानं रंग उजळत नसतो. साठीच्या पुढचे काकाही येतात, त्यांनाही मी १ नंबर ऐवजी ३ सांगते, कुळकुळीत काळ्यानं चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जास्त उठून दिसतात.

आमच्या मराठवाड्याचं पाणी अन् ऊन तर तुमच्या लेखात कुठंच नव्हतं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, असा आमचा भाग. उन्हाळ्यात बोअर नाहीतर टँकर, अन् बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर बसतो, तोच क्षार केसावर बसतो, केस राठ होतो अन् कलरची चमक जाते. वरून मे महिन्यात ४३-४४ डिग्री ऊन. ऍश इथं लवकर उडतो अन् खालचा तांबूस दिसायला लागतो, महिन्या-दीड महिन्यात परत खर्च. म्हणून शेवटचे दोन मग जारच्या पाण्याचे घ्या अन् बाहेर पडताना स्कार्फ बांधा असं मी सगळ्यांना सांगते.

काळी मेंदी म्हणून जे स्वस्त पाकीट मिळतं त्याबद्दल तर तुम्ही वेगळं छापाच. खऱ्या मेंदीचा रंग तांबूस-नारिंगीच येतो, लोखंडी कढईत भिजवली तर जरा गडद, पण पाऊण तासात काळाभोर होत असेल तर त्यात बहुतेक पीपीडी नावाचं केमिकल असतं. काहींना त्याची जोरदार ऍलर्जी येते, कपाळ सुजतं, डोळे उघडत नाहीत, मी स्वतः डोळ्यानं पाहिलंय. डोक्याला लावायच्या आधी कानामागं थोडं लावून ऍलर्जी येते का बघायला ४८ तास थांबायचं, अन् आधी दहा वेळा लावलेलं असलं तरी थांबायचं, कारण ऍलर्जी अकराव्या वेळेलाही येऊ शकते.

ती कात्रणवाली ताई त्याच दिवशी आंबा ओढणीत उभी राहिली, चांगली सावळी आहे ती, अन् काय खुलली म्हणून सांगू. तिला ४.३ केला. पुढच्या वेळी असं पान काढाल तेव्हा फोटो आमच्याकडच्या बायांचे घ्या, दिवसा उजेडात काढलेले. मॉडेल मिळत नसतील तर मी देते, पार्लरमधे रोज बसलेल्या असतात.

आपली एक वाचक,
परभणी