पाचशे रुपये खात्यातून गेले, आईच्या हातात आले नाहीत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

दि. 2 मे 2020

विषय : 8 एप्रिलला जनधन खात्यातून 500 रुपये कापले, रोख दिली नाही, तुमच्या कंपनीच्या बँक सेवा केंद्रावर कोरोना साथीची कसलीही खबरदारी नाही.

तुमच्या हेल्पलाईनवर पाचवा फोन आत्ताच ठेवला. यापुढे जे आहे ते लेखी.

आईच्या खात्याचा शेवटचा आकडा 7. लॉकडाऊनमध्ये बायांच्या जनधन खात्यात सरकारने टाकलेले 500 रुपये काढायला गर्दी होऊ नये म्हणून आकड्यांप्रमाणे दिवस वाटले होते, 6 आणि 7 चा दिवस 8 एप्रिल. एसटी बंद, चार किलोमीटर पायी गेलो. तुमच्या केंद्रापुढे चुन्याचं एक वर्तुळ आखलेलं नाही, हात धुवायला पाणी नाही, साबण नाही. बाया तोंडाला पदर लावून एकमेकींना खेटून उभ्या. सगळ्यांचा अंगठा एकाच मशीनवर. मी बोलले तेव्हा मशीनवर बसलेल्या पोराने ते एकदा फडक्याने पुसलं.

आईची उभी हयात कापूस वेचण्यात गेली. बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. यवतमाळ जिल्ह्यात मशीन घेऊन बसणाऱ्या कंपनीला हे मी सांगावं लागतं? त्या पोराने उजवा अंगठाच सहा वेळा दाबून घेतला. आधारला दहाही बोटांचे ठसे आहेत, दुसरं बोट घेऊन पाहा म्हटलं, तर "मागे रांग आहे ताई." शेवटी म्हणाला, फेल झालं. घरी पोचलो तर मोबाईलवर मेसेज : 500 रुपये काढले.

आता चौथ्या फोनचं सांगते, कारण ते मला विसरता येत नाही. फोन स्पीकरवर होता. आई शेजारी तूर निवडत बसली होती. तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, पाचशे रुपयांसाठी चौथ्यांदा फोन करताय?" आईचा हात सुपातच थांबला. मी म्हटलं, पैसे तिचे आहेत. तो म्हणाला, "आजींना परत केंद्रावर न्या, बोट लावून बघा." मी सांगितलं, वय 68, दमा आहे, तिथे गर्दी आहे, मशीन कुणी पुसत नाही. तर म्हणे, "ती रिस्क तुमची." आई एवढंच बोलली, "राहू दे वं माय, नसन देत तर नसन देत."

नाही राहू देणार. लॉकडाऊनमुळे मजुरी बंद आहे. त्या पाचशेत तेल, मीठ आणि तिचा दम्याचा पंप बसणार होता. आज पाचव्या फोनवर पुन्हा तेच ऐकलं, केंद्रावर जा.

रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2019 चा नियम तुम्हाला माहीत आहे : खात्यातून पैसे गेले आणि रोख मिळाली नाही, तर पाच दिवसांत परत, त्यानंतर दर दिवसाला 100 रुपये भरपाई. मुदत 13 एप्रिलला संपली. आजवर 19 दिवस झाले, 1900 रुपये. मूळ 500 वेगळे.

शेजारच्या गावात पोस्टमन मशीन घेऊन दारात आला, ओट्यावर पैसे मोजून दिले. त्यालाही आधारचाच ठसा लागतो. मग तुमच्या केंद्रावरच म्हाताऱ्या माणसांनी जीव धोक्यात का घालायचा?

पैसे खात्यात जमा करा. केंद्रावर पाणी, साबण ठेवा, अंतर आखून द्या, दर माणसामागे मशीन पुसा. चालता न येणाऱ्यांच्या घरी माणूस पाठवा. या पत्राची प्रत बँकेला आणि तहसीलदारांना देत आहे. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर बँकिंग लोकपालाकडे जाईन. आईला त्या रांगेत पुन्हा उभी करणार नाही.

खातेदाराची मुलगी