फोटो कोणाचा, चिंबोरी कोणती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला चिंबोऱ्यांवरचा लेख वाचला. रस्सा झकास असेल, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘खाडीतली काळी चिंबोरी’ म्हणून जिचा फोटो छापलात, तिच्या पाठीवर तीन लालसर ठिपके स्पष्ट दिसतात. ठिपकेवाला खेकडा समुद्रातला. वाळूच्या तळावर राहतो, ट्रॉलरच्या जाळ्यात येतो. चिंबोरी तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळांशी, चिखलात बीळ करून असते. कूळ एकच, मागचे पाय दोघांचेही वल्ह्यासारखे चपटे. म्हणून काय कोणाचाही फोटो कोणाच्याही नावावर खपवायचा?

एवढ्यावर भागले असते तर मी लिहायच्या भानगडीत पडलो नसतो. पण पुढे सल्ला आहे, की ‘पोटाखाली अंडी लगडलेली मादी आवर्जून मागून घ्यावी’. अहो, कवच उघडल्यावर आत निघते ती केशरी लाख, म्हणजे अजून न घातलेली अंडी, वेगळी आणि पोटाच्या झाकणाखाली बाहेर धरलेला अंड्यांचा पुंजका वेगळा. चिंबोरीची मादी ही अंडी घेऊन खाडीबाहेर समुद्रात जाते, कारण पिल्लांना सुरुवातीला खाडीतले कमी खारे पाणी सोसत नाही. मोठ्या मादीकडे दहा लाखांवर अंडी असतात. पुंजका आधी नारिंगी, पिल्ले निघायच्या सुमारास काळपट. निघालेला जीव तर खेकड्यासारखा दिसतही नाही; कात टाकत टाकत रूप पालटतो आणि तीन-चार आठवड्यांनी कुठे इवलासा खेकडा होतो. मग खाडीत, तिवरांकडे परततो. अर्थात तोवर तिवरांवर भराव पडला नसेल तर.

गेल्या दिवाळीत खाडीच्या तोंडाशी एका पोराच्या जाळ्यात अशीच मादी आली. पोरगा माझा विद्यार्थी. ‘सोड तिला’ म्हटल्यावर सोडणारही होता. तेवढ्यात जवळच्या रिसॉर्टचा मॅनेजर उगवला. म्हणाला, “काका, गेस्टना अंडीवालीच लागते, दुप्पट पैसे देतात.” मी सांगू लागलो, तर म्हणतो, “रिटायर झालात ना? मग कशाला शिकवताय?” पोराने माझ्याकडे बघितले, नोटांकडे बघितले आणि मादी टोपलीत टाकली. त्याला काय बोलणार? दिवाळी त्याच्याही घरी होती. आता तुमचे कात्रण त्या मॅनेजरने काउंटरवर लावले नाही म्हणजे मिळवली.

जाता जाता आणखी एक. भरती-ओहोटीच्या वेळा छापणे तुम्ही बंद केलेत, राशिभविष्य मात्र रोज अर्धा कॉलम. कर्क राशीला प्रवासयोग आहे हे वाचून फग, म्हणजे खेकड्यांचा सापळा, लावणाऱ्याने करायचे काय? त्याला पाणी कधी चढणार ते हवे असते. दोन ओळींची तर जागा लागते.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
रेवदंडा, ता. अलिबाग