भाकरीवाल्या काकूंना, मंगळवेढ्याहून

ती. काकू,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही "आभार कसले रे" म्हणून विषय मोडता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

माझी तीन एकर काळी, कोरडवाहू. पावसाळा सरता सरता पेरायची आणि जमिनीतल्या ओलीवर येईल ती मालदांडी ज्वारी घरात घ्यायची. पोती जायची आडतीला. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच वाटलं, आता भाव येणार. पण एकदा पोतं शिवलं आणि थप्पीत गेलं की आतली ज्वारी कुठल्या रानातली, हे विचारतो कोण?

भेटेल तो सांगायचा, हुरडा पार्टी सुरू कर. करणाऱ्यांचं चांगलं चालतंय, नाही म्हणत नाही. पण माझं रान हमरस्त्यापासून लांब आत. दाणा कोवळा असतो तेवढ्या थोड्या दिवसांत गिऱ्हाईक आलं तर आलं. शिवाय हुरड्याला गूळभेंडी, सुरती असली वाणं हवीत. मालदांडी भाकरीची.

हे नेमकं तुम्ही ओळखलंत. सोलापुरात तुमच्याकडे नमुना घेऊन आलो, तर तुम्ही दाणे बघितलेसुद्धा नाहीत, सरळ पीठ मागितलंत. परातीत गरम पाणी घालून गोळा मळलात, कडक भाकरीसारखी पातळ थापलीत आणि बोटाने कड चाचपलीत. कुठे चीर नाही. मग डब्यातलं जुनं पीठ काढून तेही थापलंत. ते हाताखालीच फाटलं.

"विरी गेली याची," तुम्ही म्हणालात, म्हणजे पिठाचा चिकटपणा गेला. "ज्वारीला मी बाजारापेक्षा रुपया जास्त देणार नाही. पण दर आठवड्याला ताजं दळून देशील, तर त्याचे देईन."

माझ्या धंद्याचं सगळं गणित त्या दोन वाक्यांत होतं. कंपन्यांचं पाकीटबंद पीठ गोदामातून दुकानात येईपर्यंतच जुनं होतं. दाणा मात्र नीट वाळवून ठेवला की वर्षभर टिकतो. म्हणून आता ज्वारी घरातच ठेवतो आणि मागणी येईल तेवढीच दळतो. गावच्या गिरणीत आधीच्या दळणाचा गहू मिसळायचा, म्हणून लहान जातं घेतलं, फक्त ज्वारीसाठी. त्यामुळे गहू न चालणारी काही घरंही जोडली गेली, ही तुमच्या-माझ्या हिशेबात नसलेली गोष्ट. बारीक, काळा पडलेला दाणा चाळून गुरांना. कडबा पूर्वीसारखाच शेकड्यावर विकतो. त्याच्याशिवाय ज्वारी कुणालाच परवडत नाही, हे शहरातल्यांना सांगून पटत नाही.

तुम्ही तुमच्याकडे भाकऱ्या थापणाऱ्या बायकांपुरतं पीठ घेऊन थांबला असतात तरी चाललं असतं. पण ओळखीच्या खानावळींना माझा नंबर दिलात, आणि एका खेपेचं पीठ जाड आलं तेव्हा न रागावता परत पाठवलंत. त्या खेपेने मला चाळण बदलायला लावली.

यंदाची काढणी फेब्रुवारीत. तुमची पोती वेगळी काढून ठेवतो. दर ठरवायला मात्र तुम्हीच या. मी सांगितला की कमीच सांगतो, असं घरच्यांचं म्हणणं आहे.

तुमचा,
मंगळवेढ्याचा ज्वारीवाला