सोने वाळूत नव्हे, कातळावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. बोनान्झा ओढ्याची हकिगत मराठीत क्वचितच वाचायला मिळते, त्याबद्दल मनापासून आभार. पण 'ओढ्याच्या वाळूत सोने लोळत होते' हे त्यातले वाक्य बरोबर नाही. तेच वाक्य धरून आपल्याकडच्या येरळा नदीच्या वाळूतले चमकणारे कण गोळा करण्याची चर्चा इकडे सुरू झाली आहे, म्हणून हे पत्र.

कॅनडाच्या युकॉन भागातल्या या ओढ्याचे आधीचे नाव रॅबिट क्रीक. 16 ऑगस्ट 1896 रोजी कारमॅक, स्कूकम जिम आणि डॉसन चार्ली यांना तिथे सोने लागले. ते आले भोवतालच्या शिस्ट नावाच्या पापुद्र्यांच्या खडकातल्या गारगोटीच्या शिरांमधून. खडक झिजला, हलके ते वाहून गेले, जड ते मागे राहिले. पाण्याच्या तुलनेत वाळूची घनता 2.65, काळ्या लोहवाळूची 5 च्या थोडी वर आणि सोन्याची 19.3. पाण्याने गोटे हलले की सोन्याचा कण त्यांच्या फटींतून खाली सरकत कातळाला टेकतो आणि त्याच्या भेगांत शिरतो. सराफ कट्ट्यावरची धूळ परातीत हेलकावून धुणारा झारेकरी याच नियमावर काम करतो. शिवाय हिमयुगात हिमनद्या त्या ओढ्यांपर्यंत आल्या नाहीत, म्हणून साठा जागच्या जागी राहिला.

आता कातळ गाठायचा कसा? जमीन बारमाही गोठलेली. संध्याकाळी खड्ड्यात लाकडे पेटवायची, सकाळी वितळलेला थर उपसायचा. एका जाळात जेमतेम फूटभर खोली मिळे. धूर आणि जळत्या कोळशाचा विषारी वायू तळाशी साचतो. जाळ पुरता निवायच्या आत खाली उतरणारा माणूस गुदमरायचा. हिवाळाभर उपसलेल्या रेवेचा ढीग वसंतात पाणी सुटल्यावर तळाशी आडव्या पट्ट्या ठोकलेल्या लाकडी पन्हळीत धुतला जाई. बारा फुटी पन्हळीला फूटभरापर्यंत उतार. उतार जास्त झाला तर बारीक सोने वाहून जाते, कमी झाला तर आडव्या पट्ट्यांमागे वाळू घट्ट बसते आणि सोन्याला थांबायला जागाच उरत नाही. सगळ्यात घातक चिकणमाती. तिचे गोळे सोने चिकटवून घेऊन पन्हळीबाहेर घरंगळतात, म्हणून ती आधी पाण्यात कालवून फोडावीच लागते.

जुन्या नदीची पांढरट रेव तर ओढ्यापेक्षा बरीच उंच, टेकड्यांच्या कडेला राहिली होती. पात्र खोल गेले की जुना काठ वर राहतो, हे कृष्णाकाठच्या माणसाला वेगळे सांगायला नको. तिथे खणणाऱ्या नवख्यांना जुने लोक हसले आणि नवख्यांनाच भरपूर सोने मिळाले. पुढे यंत्रे आली. 1912 साली बांधलेले चौथ्या क्रमांकाचे ड्रेजर, म्हणजे रेव उपसून धुणारे तरंगते यंत्र, 1959 पर्यंत चालले.

सोने-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्या विटा-खानापूरच्या गलाईवाल्यांसाठी एक गोष्ट, जी लेखात यायला हवी होती. हे ओढ्यातले सोने शंभर नंबरी नसते. बोनान्झाचा टंच, म्हणजे शंभरातला शुद्ध सोन्याचा भाग, साधारण 80, बाकी बहुतेक चांदी. चांदी विरघळवून काढायला ते तसेच तेजाबात (नायट्रिक आम्लात) टाकले तर काहीच होत नाही, कारण सोने चांदीला झाकून ठेवते. सोन्याच्या एका भागाला तीन भाग चांदी लागते. म्हणजे 10 ग्रॅम मालात 8 ग्रॅम सोने आणि 2 ग्रॅम चांदी धरली, तर आणखी 22 ग्रॅम चांदी मुशीत घालून एकजीव करायची आणि मगच तेजाब.

येरळा, अग्रणी, कृष्णा या नद्या आपल्या भागात सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या काळ्या कातळावरून वाहतात. त्यात सोन्याच्या शिरा नाहीत, म्हणून त्यांच्या वाळूत शोधायलाही काही नाही. सोन्याचे जुने खडक पाहायचे तर गदगच्या कप्पतगुड्ड्याकडे जावे लागेल. आपल्या वाळूत चमकतात ते गारगोटीचे, कॅल्साइटचे आणि झिओलाइटचे कण. काळी वाळू लोहचुंबकाला चिकटते, सोने चिकटत नाही. तरीही कुणाला शंका असेल, तर कण ऐरणीवर ठेवून हलकी हातोडी मारावी. सोने चपटे होते, बाकीच्यांचा भुगा होतो. आणि कण बाहेर काढायला कुणी पारा वापरू नये. तो तापवला की त्याची वाफ घरभर पसरते आणि श्वासावाटे पोरांच्या अंगात जाते. एवढे तरी पुढच्या पुरवणीत ठळक छापावे, ही विनंती.

आपला,
गलाई व्यवसायातील एक वाचक
विटा, जि. सांगली