ग्रिप ओस पडलं ते विलीनीकरणामुळे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला नॉर्वेच्या किनाऱ्यावरचा लेख आवडला, फोटो तर झकासच, पण ग्रिप बेटाचं जे एका ओळीत उरकलंय, की सरकारने कम्यून (म्हणजे आपली ग्रामपंचायत समजा) काढून घेतली आणि गाव ओस पडलं, ते काही पटलं नाही बुवा.

ग्रिप म्हणजे क्रिस्टियानसुंद शहरापासून साधारण १४ किलोमीटर भर समुद्रात खडकांचा पुंजका, शेती नाही, पाणी पावसाचं साठवायचं, पोट सगळं कॉड माशावर. सीझनला बाहेरचे मच्छीमार यायचे की वस्ती कितीतरी पट फुगायची, एरवी जेमतेम मूठभर घरं. १७९६ च्या वादळात बहुतेक घरं वाहून गेली पण पंधराव्या शतकातलं लाकडी चर्च टिकलं, आजही उभं आहे (त्यातला वेदीवरचा चित्रफलक बघाच, १५२० च्या आसपासचा, नेदरलँड्सहून आलेला).

आणि एवढ्याशा गावाला १८९७ पासून स्वतःची कम्यून होती! निवडून आलेलं मंडळ, स्वतःचा कारभार, देशातली सगळ्यात छोटी कम्यून हीच. १८३७ च्या कायद्याने नॉर्वेत गावोगावी असा कारभार लोकांच्या हातात आला त्याचीच ही देन, आणि मला खरं कौतुक याचं वाटतं की माणसं कमी आहेत म्हणून ६७ वर्षं कोणी त्यांना मोडीत काढलं नाही.

मग दुसऱ्या महायुद्धानंतर छोट्या कम्यून एकत्र करायला सरकारने नेमलेली शाय कमिटी आली, ७४४ कम्यूनच्या १९६७ पर्यंत ४५४ झाल्या, त्यात १ जानेवारी १९६४ ला ग्रिप क्रिस्टियानसुंदमध्ये गेलं. पण तेव्हाच तिथे शंभरेक माणसं उरली होती हो! म्हणजे गळती आधीची. मला तरी वाटतं इंजिनाच्या बोटी आल्यावर मासे धरायला खडकावर राहायची गरजच उरली नाही, शहरात राहून जाऊन येऊन जमायला लागलं, आणि शहरातल्या सोयी त्या खडकावर कुठून येणार. बारमाही राहणारे शेवटचे लोक गेले १९७४ ला, विलीनीकरणानंतर तब्बल दहा वर्षांनी. उन्हाळ्यात अजून लोक जातात, बोट असते.

कम्यून गेल्याने काहीच बिघडलं नाही असं नाही म्हणत मी, पण सगळं खापर त्यावर नको. तेवढी दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापाल का?

— एक नियमित वाचक, मिरज