लाइन तोडणे ही दुरुस्ती नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या प्रयोगशाळेतील एका संगणकाचे नेटवर्क दिवसातून एकदा तरी रांगू लागे आणि त्याच वेळी आवाजही तुटू लागे. मदरबोर्ड गेल्याचा निर्वाळा मिळून तो भंगारात काढण्याची टिप्पणीही तयार झाली होती. लिनक्स प्रणालीच्या कर्नलने (गाभ्यातल्या प्रोग्रॅमने) मात्र आपल्या लॉगमध्ये (नोंदवहीत) कारण आधीच लिहून ठेवले होते: 'आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड', म्हणजे १६ क्रमांकाच्या इंटरप्टची कोणीच दखल घेतली नाही.

कार्डे जोडण्याच्या जुन्या पीसीआय रचनेत नेटवर्क कार्ड, साउंड कार्ड अशी उपकरणे एकच इंटरप्ट लाइन, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधून घेण्याची तार, वाटून घेतात. इंटरप्ट आला की कर्नल त्या लाइनवरच्या ड्रायव्हरांना (उपकरणे चालवणाऱ्या प्रोग्रॅमांना) विचारतो आणि प्रत्येकाने आपल्या उपकरणाचे स्टेटस रजिस्टर वाचून 'माझा' किंवा 'माझा नाही' असे खरे उत्तर द्यायचे असते. ही लाइन लेव्हल-ट्रिगर्ड (मागणी मिटेपर्यंत संकेत चालूच ठेवणारी) असल्यामुळे उपकरणाची मागणी कोणी मिटवली नाही, तर प्रोसेसर हँडलरमधून (ड्रायव्हरच्या इंटरप्ट हाताळणाऱ्या भागातून) बाहेर पडतो न पडतो तोच पुन्हा आत ओढला जातो. एक लाखातले ९९,९०० हून अधिक इंटरप्ट बेवारस निघाले की कर्नल लाइनच तोडतो, आणि निर्दोष शेजाऱ्याचेही पाणी बंद होते.

आमच्या नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरने केबल जोडल्या-सुटल्याचा इंटरप्ट चालू केला होता, पण हँडलरच्या मास्कमध्ये (कोणते बिट तपासायचे ते ठरवणाऱ्या आकड्यात) तो बिट घेतलाच नव्हता. त्यामुळे सैल केबल हलली की ड्रायव्हर 'माझा नाही' म्हणून मोकळा होई. दुरुस्ती दोन ओळींची झाली. त्याआधी सर्रास सुचवला जाणारा 'आयआरक्यूपोल' हा बूट-पर्याय (संगणक सुरू करताना कर्नलला द्यायची सूचना) आम्हीही वापरला होता. त्याने यंत्र चालते, पण इंटरप्ट बेवारस निघाला की, शिवाय टायमरच्या प्रत्येक ठोक्याला, कर्नल सगळ्या हँडलरांची दारे ठोठावत बसतो. नव्या उपकरणांतील एमएसआय पद्धतीत (तारेऐवजी संदेशाने इंटरप्ट देण्याच्या) लाइन वाटून घ्यावी लागत नाही हे खरे. परंतु महाविद्यालयांतील यंत्रे इतक्या लवकर नवी होत नाहीत.

आमचे विद्यार्थी ८०८५ या जुन्या मायक्रोप्रोसेसरचे पाचही इंटरप्ट सर्वोच्च 'ट्रॅप'पासून प्राधान्यक्रमाने घडाघडा म्हणून दाखवतात (मीही तसेच शिकवत आलो, हे कबूल करतो). लिनक्सच्या 'प्रोक' फोल्डरमधील 'इंटरप्ट्स' ही इंटरप्टची मोजदाद दाखवणारी फाइल दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा उघडून कोणता आकडा पळतो आहे, हे पाहण्याचे प्रात्यक्षिक मात्र आमच्या जर्नलमध्ये नाही. ते घालायला नवे साहित्य लागणार नाही. भंगाराच्या यादीतला एखादा संगणक पुरेल.

आपला विश्वासू,
एक प्राध्यापक, पुणे